उन्हाळ्याचे चार आठवडे
गणिताच्या एका राष्ट्रीय शिबिराचा इतिहास

‘मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च प्रोग्रॅम’ हे पूर्ण नाव फारसे कुणी घेत नाही. गणिताच्या वर्तुळात सगळे ‘एमटीटीएस’च म्हणतात. १९९३ साली प्रा. एस. कुमरेसन यांनी हा उपक्रम सुरू केला, तेव्हा ते मुंबई विद्यापीठाच्या कालिन्यातल्या गणित विभागात शिकवत होते. पैसा राष्ट्रीय उच्च गणित मंडळाचा. हे मंडळ अणुऊर्जा विभागाने १९८३ मध्ये स्थापन केलेले. उन्हाळ्याच्या सुट्टीत देशभरातून बीएस्सी-एमएस्सीची मुले-मुली एका ठिकाणी आणायची, चार आठवडे ठेवून घ्यायची आणि त्यांना गणित करायला लावायचे, एवढाच त्याचा आराखडा होता. तो आजही मुळात तेवढाच आहे.

वर्सोव्यात निघणाऱ्या स्मरणिकेत कालिन्याच्या एका विभागातल्या उपक्रमाचा इतिहास का द्यावा, असा प्रश्न कुणाला पडेल. त्याचे कारण सांगतो. आपल्याकडे यारी रोडला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. मासळीवर संशोधन होते, माणसे त्यासाठी दूरदूरच्या राज्यांतून येतात, हे वेसाव्याच्या कोळीवाड्यातल्या मुलाला इमारतीवरची पाटी पाहूनच कळते. गणितावर संशोधन होते हे सांगणारी पाटी मात्र त्याच्या वाटेवर कुठे नाही. अंधेरीच्या कॉलेजात गणित घेऊन तो बीएस्सी करतो, मार्क चांगले पडतात, आणि पुढे काय, या प्रश्नाला घरात, गल्लीत, कधीकधी कॉलेजातही उत्तर नसते. एमटीटीएस नेमके अशा विद्यार्थ्यासाठी निघाले.

तसे पाहिले तर मुंबईला गणिताची उणीव कधीच नव्हती. कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ सालची. तिच्या गणित विभागाने जगभर नाव कमावले. एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री यांचा १९६५ चा सिद्धान्त आजही त्या दोघांच्या नावाने ओळखला जातो. विद्यापीठाच्या गणित विभागात शरच्चंद्र श्रीखंडे होते. ऑयलरने १७८२ मध्ये लॅटिन चौरसांविषयी एक अटकळ मांडली होती. ती चूक असल्याचे राजचंद्र बोस, श्रीखंडे आणि पार्कर यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले आणि ती बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर आली. पुढे श्रीखंडे मुंबईला आले, त्यांनी विभाग उभा केला आणि १०२ वर्षांचे आयुष्य जगून २०२० मध्ये गेले. एवढे मोठे गणित या शहरात चालू होते. त्याच शहरातल्या संलग्न कॉलेजांत विद्यार्थी सिद्धान्ताची सिद्धता पाठ करत होता, परीक्षेत जशीच्या तशी उतरवत होता आणि पेपर देऊन विसरत होता. कुलाबा आणि अंधेरी यांच्यामधले अंतर लोकलने कापता येत होते. या दोन वर्गांमधले अंतर कापायला साधनच नव्हते.

ज्यांना ते साधन घरातच मिळाले त्यांचे काय झाले, हे श्रीराम अभ्यंकरांच्या चरित्रात दिसते. जन्म उज्जैनचा, १९३० चा. वडील ग्वाल्हेरला गणिताचे प्राध्यापक. मुलगा मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये पदार्थविज्ञान शिकायला आला. तिथे पेसी मसानी या गणितज्ञाने त्याच्यातली कुवत हेरली आणि त्याला गणिताकडे वळवले. पुढे हार्वर्ड, ऑस्कर झारिस्की यांच्या हाताखाली पीएचडी, आणि बैजिक भूमितीतले जागतिक कीर्तीचे काम. अभ्यंकर परदेशात राहूनही इथला धागा विसरले नाहीत. १९७६ मध्ये त्यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केले. अभ्यंकरांची प्रतिभा त्यांची स्वतःची होती, यात शंका नाही. पण पदवीच्या वयात एका मोठ्या माणसाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, ही गोष्टही तितकीच खरी आहे. ज्याचे वडील प्राध्यापक नाहीत आणि ज्याला मसानी भेटत नाहीत, त्याच्या खांद्यावर कुणी हात ठेवायचा? माझ्या मते एमटीटीएसचा सगळा इतिहास म्हणजे या एका प्रश्नाला दिलेले उत्तर आहे.

कुमरेसन टाटा संस्थेच्या परंपरेतले. ली समूहांच्या निरूपणांवरचा त्यांचा निबंध १९८० मध्ये ‘इन्व्हेन्शनेस मॅथेमॅटिके’ या नियतकालिकात आला. त्यात एकदा तरी नाव छापून यावे म्हणून गणितज्ञ आयुष्यभर धडपडतात. असा माणूस दर उन्हाळ्यात बीएस्सीच्या विद्यार्थ्यांसमोर उभा राहून ‘क्रमिकेची सीमा म्हणजे काय?’ असे विचारत राहिला, आणि हे तीन दशकांच्या पुढे चालले. आपल्याकडे संशोधकाने पदवीच्या वर्गात जाणे ही खालची पायरी समजली जाते. कुमरेसन यांनी ती समजूत भाषणातून खोडली नाही, स्वतः खडू हातात घेऊन खोडली. या इतिहासातली सर्वांत मोलाची नोंद मी हीच मानतो.

शिबिरातला वर्ग कसा चालतो, ते थोडे तपशिलात सांगायला हवे, कारण संस्थेचे खरे काम तिथेच आहे. तिथे शिक्षक फळा भरून काढत नाही आणि मुले तो उतरवून घेत नाहीत. शिक्षक विचारतो, विद्यार्थी उत्तर देतो, आणि त्या उत्तरावर पुन्हा प्रश्न येतो. समजा, विधान असे आहे : अभिसारी क्रमिका मर्यादित असते. कॉलेजात हे दोन ओळींत संपते. इथे पहिला प्रश्न येतो : अभिसारी म्हणजे काय, तुझ्या शब्दांत सांग. मग एक उदाहरण दे. मग अभिसारी नसलेल्या क्रमिकेचे उदाहरण दे. मग चित्र काढ. एखादी मुलगी म्हणते, कुठल्या तरी पदापासून पुढची सगळी पदे सीमेपासून एकाच्या आत येतात. ठीक. मग त्याच्या आधीच्या पदांचे काय? ती थोडीच आहेत, त्यांतले सर्वांत मोठे घेऊ. थोडी म्हणजे किती? सान्त. सान्त नसती तर काय बिघडले असते? इथे वर्ग थांबतो. सिद्धतेचा सगळा भार त्या ‘सान्त’ शब्दावर आहे, आणि परीक्षेत तीच सिद्धता पाचपैकी पाच मार्कांची लिहिलेल्या मुलांचेही तिकडे कधी लक्ष गेलेले नसते.

वर्ग तिथे संपत नाही. उलट विधान खरे आहे का? मर्यादित क्रमिका अभिसारी असतेच का? एक, उणे एक, एक, उणे एक असे लिहून कुणीतरी ते खोडून काढतो. मग नुसती मर्यादितता पुरत नसेल, तर तिच्या जोडीला आणखी काय घेतले म्हणजे पुरेल? हा प्रश्न शिक्षकाने विचारला तर ते अध्यापन झाले. विद्यार्थ्याला तो आपणहून पडला, तर संशोधन सुरू झाले. एमटीटीएसमध्ये मुले शोधनिबंध लिहीत नाहीत, म्हणून हे संशोधनाचे मार्गदर्शन नव्हे, असा आक्षेप घेता येतो. तो मला पटत नाही. गणितात प्रयोगशाळेचे उपकरण हाताळून संशोधनाची ओळख करून घेता येत नाही. स्वतःचा प्रश्न मांडता येणे, उदाहरण शोधणे, प्रतिउदाहरणाने स्वतःचेच म्हणणे मोडून काढणे, हीच तिथली उपकरणे. अमेरिकेत राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या पैशातून १९८७ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी संशोधन योजना चालते. तिच्यात मुले थेट अनुत्तरित प्रश्न घेतात. आपल्या मुलांना प्रश्न विचारण्याचीच सवय नसते, म्हणून इथे सुरुवात त्याच्या आधीच्या टप्प्यापासून करावी लागली, आणि ती तशी केली हे शहाणपणाचे झाले.

या पद्धतीचे मोठे पूर्वज अमेरिकेतले. टेक्सास विद्यापीठात आर. एल. मूर नावाचे प्राध्यापक होते. पुस्तक बाजूला ठेवून विद्यार्थ्यांकडूनच सिद्धता काढून घ्यायची त्यांची रीत ‘मूर पद्धत’ म्हणून प्रसिद्ध आहे. त्यांच्या हाताखाली अनेक नामवंत गणितज्ञ तयार झाले. पण कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना त्यांनी आपल्या वर्गात घेतले नाही. व्हिव्हियन मलोन-मेज या विद्यार्थिनीलाही त्यांनी असाच नकार दिला. तिला त्याआधी, १९६१ मध्ये, बेलर विद्यापीठाने वर्णामुळे प्रवेश नाकारला होता. तिने टेक्सासमधूनच १९६६ मध्ये गणिताची पीएचडी मिळवली आणि त्याच वर्षी बेलर विद्यापीठात प्राध्यापक म्हणून रुजू झाली. शिकवण्याची रीत कितीही उत्तम असो, दार कुणासाठी उघडे आहे हा वेगळा प्रश्न असतो आणि तो वेगळाच सोडवावा लागतो.

एमटीटीएसने तो कसा सोडवला, हे पाहिले की त्यामागचा विचार कळतो. निवड झालेल्याला रेल्वेचे भाडे मिळते, राहणे आणि जेवण फुकट. वाचायला ही बाब साधी वाटते. पण महिनाभर सुट्टीत काम करून घरी चार पैसे आणणाऱ्या मुलाला शिबिराला जायचे तर कमाई बुडते. त्यावर भाडेही स्वतःचेच म्हटले, तर तो अर्जच करणार नाही. शिष्यवृत्ती नंतर कधीतरी हातात येते. तिकिटाचे पैसे आज लागतात. ज्याने हे शिबिर आखले त्याला हे माहीत होते. शिवाय शिबिरे एकाच ठिकाणी भरत नाहीत. म्हैसूरची प्रादेशिक शिक्षण संस्था, बंगळुरूची भारतीय सांख्यिकी संस्था, कानपूरची आयआयटी, गोवा विद्यापीठ अशा ठिकाणी ती झाली. विद्यार्थी ज्या टप्प्यावर असेल त्याप्रमाणे वेगवेगळ्या पातळ्या पडल्या आणि एकदा आलेल्याला पुढच्या वर्षी वरच्या पातळीला येण्याची वाट मोकळी राहिली. एका शिबिरात कुणाचे आयुष्य बदलते असे मी म्हणणार नाही. पण सलग दोन-तीन उन्हाळे हाच सहवास मिळाला, तर मुलाची चाल बदलते.

मुलींच्या बाबतीत तर ही व्यवस्था आणखी महत्त्वाची. मुलीला महिनाभर दुसऱ्या राज्यात पाठवायचे म्हटले की घरचे आधी राहण्याची सोय विचारतात, अभ्यासक्रम नंतर. सरकारी पैशातून चालणारे, नामवंत संस्थेच्या वसतिगृहातले शिबिर म्हटले की अर्धी लढाई जिंकली जाते. वाट मिळायला उशीर झाला की काय होते, याचे आपल्याकडचे ठळक उदाहरण म्हणजे मंगला नारळीकर. १९६४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या एमए परीक्षेत त्या गणितात पहिल्या आल्या. टाटा संस्थेत काम सुरू झाले, मग लग्न, केंब्रिज, संसार, मुली. वैश्लेषिक संख्या सिद्धान्तातली पीएचडी मिळाली १९८१ मध्ये. त्यांनी ती मिळवली ती स्वतःच्या जिद्दीवर आणि गणिताचा संपर्क टिकवून ठेवल्यामुळे. त्यांच्याइतक्याच हुशार, पण असा संपर्क न लाभलेल्या किती मुली त्या पिढीत गणिताला मुकल्या, हे कुठल्याही नोंदवहीत सापडणार नाही.

पुढच्या घडामोडी थोडक्यात. कुमरेसन नंतर हैदराबाद विद्यापीठात गेले, पण उपक्रम थांबला नाही. मुले बदलून परत जुन्याच वर्गात बसतात हे लक्षात आल्यावर गणिताच्या शिक्षकांसाठीही वेगळी प्रशिक्षणे सुरू झाली. शिबिरातल्या शिकवण्याचा ठसा पुस्तकांत उमटला. रेषीय बीजगणित, मितीय अवकाशांचे संस्थितिशास्त्र या विषयांवरची कुमरेसन यांची पुस्तके आणि माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतले प्रा. अजित कुमार यांच्याबरोबर लिहिलेले वास्तव विश्लेषणाचे पुस्तक चाळले, की पानापानावर ‘हे का?’ असे विचारणारा आवाज ऐकू येतो. कालांतराने काम एका न्यासाच्या छत्राखाली आले. करोनाच्या काळात वर्ग ऑनलाइन भरले. तरी खडू, फळा आणि रात्री वसतिगृहाच्या ओसरीवर चालणारी चर्चा यांना पडदा हा पर्याय होऊ शकत नाही, असे माझे मत आहे.

दरम्यान मुंबई आणि पुण्यात याच जातीची आणखी कामे उभी राहिली. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष संशोधन प्रकल्पांत सामील करून घेणारा ‘नियस’ उपक्रम सुरू केला, मुख्यतः विज्ञान शाखांसाठी. विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभाग यांचे मूलभूत विज्ञान केंद्र २००७ मध्ये कालिन्यातच निघाले. तिथे बारावीनंतर पाच वर्षांचा सलग एमएस्सी अभ्यासक्रम चालतो आणि त्यात गणितही आहे. पुण्याचे स. प. महाविद्यालय आणि होमी भाभा केंद्र यांनी २०१० पासून पदवीच्या मुलांसाठी माधव गणित स्पर्धा घेतली. केरळच्या संगमग्रामच्या माधव या गणितज्ञाचे नाव तिला दिले, हे फार योग्य झाले.

संगणकाच्या बाजूला पवईच्या आयआयटीतला ‘फॉसी’ हा प्रकल्प मला एमटीटीएसच्या सर्वांत जवळचा वाटतो. प्रा. कण्णन मौद्गल्य यांनी त्याचे नेतृत्व केले. मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार हा त्याचा हेतू, पण त्यातून पदवीच्या विद्यार्थ्यांना काम शिकवण्याची एक रीत तयार झाली. विद्यार्थ्याने अभियांत्रिकीचे एखादे प्रमाण पाठ्यपुस्तक घ्यायचे आणि त्यातल्या सोडवलेल्या उदाहरणांसाठी सायलॅब या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्रॅम लिहायचे. तज्ज्ञ ते तपासतात. बरोबर असतील तर ते विद्यार्थ्याच्या नावाने सर्वांसाठी खुले होतात आणि त्याला मानधन मिळते. कॉलेज नावाजलेले आहे की नाही, याने काही फरक पडत नाही, काम बघितले जाते. त्याच गटाचे ‘स्पोकन ट्युटोरियल’चे धडे मराठीतही आहेत. इंग्रजी ऐकताना गांगरणाऱ्या मुलाला संगणकाची आज्ञावली आपल्या भाषेत ऐकत शिकता येते. वर्सोव्याहून मेट्रोने साकीनाक्याला उतरले की पवई लांब नाही. २०१४ मध्ये मेट्रो येण्याआधी हाच प्रवास करणाऱ्यांना तो किती जड होता, ते विचारून पाहा.

आता थोडे ही कामे करणाऱ्या माणसांच्या मानाविषयी. संशोधनाला पुरस्कार आहेत आणि ते असायलाच हवेत. पण पदवीच्या विद्यार्थ्याला वाट दाखवणाऱ्या शिक्षकाचे काय? २०१० च्या नियमांनी विद्यापीठ अनुदान आयोगाने शिक्षकांच्या पदोन्नतीसाठी गुणांची मोजणी आणली. शोधनिबंधाला गुण होते, पीएचडीच्या मार्गदर्शनाला गुण होते. सुट्टीतला महिना बीएस्सीच्या मुलांना देणाऱ्या शिक्षकाच्या हाती त्या हिशेबात फारसे काही लागत नव्हते. अमेरिकेत पदवीस्तरीय संशोधनासाठी १९७८ मध्ये स्वतंत्र परिषद स्थापन झाली. तिच्या कामात विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणाऱ्या अध्यापकांची दखल घेणे हाही भाग आहे. आपल्याकडे असे करायचे, तर पुरस्कार नावाजलेल्या संस्थांतच अडकून पडतील अशी भीती आहे. म्हणून निकष नीट ठरवावे लागतील. किती विद्यार्थी परदेशी गेले, याऐवजी घरातले पहिले पदवीधर किती, मुली किती, मराठी माध्यमातून आलेले किती, आणि त्यांतले किती गणितात टिकले, हे विचारले पाहिजे.

हा प्रश्न आज तातडीचा झाला आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने चार वर्षांची ‘संशोधनासह’ पदवी आणली आहे. चौथ्या वर्षी विद्यार्थ्याने शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली संशोधन प्रकल्प करायचा, अशी ती योजना. आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्यालाच ही वाट खुली आहे. एमटीटीएसचा तीन दशकांचा अनुभव नेमका याच्या उलट बोलतो. पाठांतरावर उभ्या असलेल्या परीक्षेतले ७५ टक्के आणि स्वतःचा प्रश्न मांडण्याची कुवत यांचा सांधा पक्का नाही. ६५ टक्के मिळवणारी, पण ‘सान्त कुठे वापरले?’ असे विचारणारी मुलगी या चाळणीतून खाली पडेल. ही अट शिथिल करावी, निदान शिक्षकाच्या शिफारशीने ओलांडता येईल अशी ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. महाराष्ट्रातल्या संलग्न कॉलेजांत हे धोरण २०२४-२५ पासून लागू झाले. म्हणजे चौथ्या वर्षाची पहिली तुकडी २०२७-२८ मध्ये वर्गात बसेल, आणि तिच्यासाठी मार्गदर्शक आत्तापासून तयार करावे लागतील.

म्हणून अंधेरी-वर्सोव्यातल्या कॉलेजांच्या गणित आणि संगणक विभागांना एक विनंती. तुमच्या वार्षिक अहवालात एक पान या कामासाठी ठेवा. कुठल्या शिक्षकाने कुठल्या विद्यार्थ्याला शिबिराला पाठवले, कुणाचा अर्ज बसून भरून घेतला, कुणाच्या घरी जाऊन आईवडिलांशी बोलणे केले, ते नावानिशी छापा. शिक्षकाच्या पदोन्नतीच्या कागदांत ते पान जोडता येईल, अशी मागणी विद्यापीठाकडे करा. आणि ज्यांच्या घरी बीएस्सीला गणित घेतलेला मुलगा किंवा मुलगी आहे त्यांनी पुढच्या वर्षी एमटीटीएसच्या प्रवेशाची घोषणा होईल तेव्हा अर्ज नक्की भरायला लावावा. भाडे आणि जेवण ते देतात, आणि मुलांचे प्रश्न मनापासून ऐकून घेतात.